वेसाव्याच्या तिसऱ्या आणि झाकणाखालची पहिली वाफ

मुंबईतल्या वेसावे (वर्सोवा) कोळीवाड्यात, बंदराकडे उतरणाऱ्या एका गल्लीत ही खानावळ आहे. घराची पुढची खोली, चार टेबलं, भिंतीवर एकवीरा आईची तसबीर आणि घरच्या होडीचा फोटो. पाटी नाही. सासू-सुना मिळून चालवतात. सासूबाईंना सगळे मावशी म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव छापू नको असं त्यांनी मला बजावून सांगितलंय. "गर्दी झाली का म्हावरा पुरत नाय, मंग लोकांना परत धाडायला लागतं. ते बरं नाय दिसत गो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाव लिहीत नाही. कोळीवाड्यात शिरून तिसऱ्यांची (तिसऱ्या म्हणजे खाडीतले छोटे शिंपले) खानावळ कुठे असं विचारलं की कुणीही हात दाखवतं.

तिथे तिसऱ्यांसाठीच जा. बाकीचं जेवण चांगलं आहे, काही पदार्थ फारच चांगले आहेत, पण तसं जेवण वेसाव्यात आणखी चार घरी मिळेल. तिसऱ्या मात्र मुंबईत इतक्या नीट शिजवलेल्या मी दुसरीकडे खाल्लेल्या नाहीत. हे मी जिभेइतकंच नाकाच्या जोरावर लिहितेय, आणि त्या नाकाला थोडं शिक्षण मिळालेलं आहे. माझ्या नोकरीचा मोठा काळ समुद्राच्या पाण्यात विरघळलेले गंधकाचे वायू मोजण्यात गेला.

तिसऱ्यांचा पहिला वाढप असा असतो: छोटा ॲल्युमिनियमचा टोप, वर घट्ट झाकण, तो तसाच टेबलावर येतो. सून टोप ठेवते, सगळे नीट बसलेत का बघते आणि मगच झाकण उचलते. आत नुसत्या उघडलेल्या तिसऱ्या आणि त्यांनीच सोडलेलं पाणी. मीठ नाही, मसाला नाही, वरून एक थेंबही पाणी घातलेलं नाही. ठेचलेल्या लसणीच्या दोन पाकळ्या असतात, त्याही तळाशी. झाकण निघालं की जी वाफ येते तिच्यात गोडसर, किंचित उकडलेल्या मक्यासारखा, मागून समुद्राची आठवण देणारा वास असतो. तो क्षणभरच टिकतो. हे पाणी फडक्यातून गाळून वाटीत देतात, ते आधी प्यायचं. त्यानंतर उरलेल्या तिसऱ्या आत जातात आणि कालवण किंवा सुकं होऊन परत येतात.

तो वास डायमिथाइल सल्फाइडचा. प्रयोगशाळेत आम्ही त्याला डीएमएस म्हणायचो. एक गंधकाचा अणू आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मिथाइल गट (प्रत्येकात एक कार्बन आणि तीन हायड्रोजन), एवढासा रेणू. उकळबिंदू साधारण 37 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाइतकाच. तिसरी तो स्वतः बनवत नाही. ती पाणी गाळून जगते, त्या पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिप्लवक खाते, आणि त्या प्लवकांच्या पेशींत डीएमएसपी नावाचा एक पदार्थ भरलेला असतो. पेशीत आणि बाहेरच्या खाऱ्या पाण्यात तोल राखायला तो त्यांच्या कामी येतो. कडक उन्हाने पेशीत जो ऑक्सिडीकरणाचा ताण येतो त्यापासूनही तो वाचवतो असं मानलं जातं. डायनोफ्लॅजेलेट आणि हॅप्टोफाइट या गटांतल्या प्लवकांत तो भरपूर असतो, डायटम या दुसऱ्या गटात बराच कमी. शिंपल्यांच्या मांसात तो साठत जातो. चुलीवर टोप चढला की उष्णतेने त्याचे तुकडे पडतात, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे हा वायू. शिजलेल्या कालवांचा आणि तिसऱ्यांचा जो ओळखीचा वास आहे त्याचा मोठा हिस्सा हाच. उकडलेल्या मक्यात आणि कोबीतही हाच रेणू असतो, तिथे तो दुसऱ्या एका गंधकयुक्त पदार्थापासून तयार होतो. जुहू चौपाटीवर मक्याच्या पातेल्याचं झाकण निघतं तेव्हा येणारा वास आणि मावशींच्या टोपातला वास हे खरोखरच सख्खे आहेत.

प्रयोगशाळेतलं काम सांगितल्याशिवाय मी या टोपाला एवढं का मानते ते कळणार नाही. समुद्राचं पाणी काचेच्या बाटलीत भरताना वर हवेचा बुडबुडा राहिला की नमुना फुकट, कारण वायू पाण्यातून निसटून त्या बुडबुड्यात जाऊन बसतो. बाटली थंड ठेवायची, अंधारात ठेवायची आणि त्याच दिवशी काही तासांत तपासायची. प्लवक गाळून वेगळे काढताना पंपाचा जोर जास्त झाला तर पेशी फुटतात, आतला डीएमएसपी बाहेर पडतो आणि आकडा खोटाच वाढतो. म्हणून गाळणी अगदी हळू, जवळजवळ आपल्या वजनाने पाणी उतरेल अशी चालवायची. मग त्या पाण्यातून हेलियम किंवा नायट्रोजन बुडबुडत सोडायचा. त्याच्याबरोबर निघालेला डीएमएस अतिथंड नळीत अडकवायचा, नंतर नळी एकदम तापवून तो वायुवर्णलेखन यंत्रात, म्हणजे मिसळलेले वायू एकेक करून वेगळे काढणाऱ्या यंत्रात, ढकलायचा. टोकाला हायड्रोजनची ज्योत असते. गंधक त्या ज्योतीत निळसर चमकतं आणि ती चमक मोजून किती वायू होता ते काढायचं. उघड्या समुद्रात लिटरमागे हा वायू साधारण शंभर-दोनशे नॅनोग्रॅम असतो. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोग्रॅम. एवढ्याशासाठी आम्ही दिवसदिवस बाटल्यांची झाकणं सांभाळायचो. मावशींची सून गिऱ्हाईक बसेपर्यंत झाकणाला हात लावत नाही हे पाहिलं तेव्हा मला काय वाटलं असेल ते समजून घ्या.

1972 पर्यंत शास्त्रज्ञांचा समज होता की समुद्रातून जमिनीकडे परतणारं गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात येतं. त्या वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी मोजमापांनिशी दाखवलं की हे काम मुख्यतः डायमिथाइल सल्फाइड करतं. लव्हलॉक शॅकलटन नावाच्या संशोधन जहाजावरून अटलांटिकभर यंत्र घेऊन फिरले होते. आज जगभरच्या समुद्रांतून दरवर्षी या वायूच्या रूपाने अंदाजे 2.8 कोटी टन गंधक हवेत जातं असा एक चांगला मानला जाणारा हिशेब आहे. हवेत तो साधारण दिवस-दोन दिवस टिकतो. मग त्याचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्लाचे सूक्ष्म कण बनतात आणि त्या कणांभोवती ढगांचे थेंब जमू शकतात. 1987 साली लव्हलॉकसह चौघांनी याच धाग्यावर मोठी कल्पना मांडली: ऊन वाढलं की प्लवक जास्त वायू सोडतील, ढग पांढरे होऊन ऊन परत फेकतील आणि पृथ्वी थोडी निवेल. पुढच्या संशोधनाने ती साखळी मांडली तितकी सरळ नाही असं दाखवलं. वायू खरा, कण खरे, ढगांशी नातंही खरं, पण पृथ्वीचं तापमान सांभाळणारं यंत्र म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मला ती कल्पना आजही सुंदर वाटते आणि ती तपासून बाजूला ठेवणाऱ्यांचं काम तेवढंच मोलाचं वाटतं.

आपल्या उष्ण कटिबंधातल्या समुद्राची गोष्ट थोडी निराळी. वरचं पाणी वर्षभर कोमट, किनाऱ्यापासून दूर त्यात पोषकद्रव्यं तुटपुंजी, आणि डोक्यावर ऊन भरपूर. उत्तरेच्या थंड समुद्रांत वसंतात प्लवकांची लाट उसळते आणि डीएमएसचा आकडा एकदम चढतो. इथे तो बहुतेक वर्षभर मध्यम पातळीवर चालू राहतो, आणि समुद्राचं क्षेत्र एवढं प्रचंड आहे की बेरीज मोठी होते. पावसाळ्यात वारा जोरात वाहतो तेव्हा पाण्यातून हवेत जाण्याचा वेगही वाढतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आणखी एक गोष्ट घडते. मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं पोषकद्रव्यांनी भरलेलं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर येतं. पावसाळ्याच्या शेवटाकडे गोव्यासमोर कांदोळीच्या समुद्रात अशा प्राणवायू संपत आलेल्या पाण्यात डीएमएस नेहमीच्या कितीतरी पट सापडला आहे. त्यावर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी काम केलंय.

डीएमएस एकटा नसतो. त्याच्याबरोबर कार्बोनिल सल्फाइड आणि कार्बन डायसल्फाइडही समुद्रातून निघतात. प्लवकांच्या मरणातून पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर ऊन पडलं की कार्बोनिल सल्फाइड बनतो, म्हणून दुपारी त्याचं प्रमाण वाढतं. जेवणात त्याचा काही संबंध नाही. मिथेनथायॉलचा मात्र आहे. डीएमएसपी खाणारे जिवाणू तो बनवतात आणि त्याचा वास सडक्या कोबीचा. तिसऱ्या शिळ्या असल्या की वाफेत गोडसरपणाऐवजी हा सडका कोबी पुढे येतो. असा टोप आला तर न बोलता परत करावा. या खानावळीत तशी वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

आता कालवण. ते लालभडक नसतं. घरचा कोळी मसाला बेताने, ओलं खोबरं थोडं, आगळाऐवजी (कोकमाच्या रसाऐवजी) भिजवलेली आमसुलं, आणि गाळून ठेवलेल्या तिसऱ्यांच्या पाण्यातलं उरलेलं सगळं पाणी यातच. आमसुलं इथे नुसती चवीसाठी नसतात. माशांचा जो "माशासारखा" वास असतो तो मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा. मासा मेल्यावर जिवाणू तो तयार करतात. तो अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचा, असल्यामुळे आमसूल, चिंच, लिंबू अशा आंबटाशी त्याचा संयोग होतो, न उडणारा क्षार बनतो आणि वास बसतो. डीएमएस अल्कधर्मी नाही, त्याला आंबटाने काही होत नाही. म्हणून कोकमाचा हात बरोबर पडला की शिळेपणाचा वास जातो आणि प्लवकांचा राहतो. पिढ्यान् पिढ्या कोकणच्या आणि कोळीवाड्यांच्या स्वयंपाकघरांत ही निवड होत आलेली आहे. मावशी आमसुलं शेवटी घालतात आणि झाकण ठेवून आच बंद करतात. विचारलं तर म्हणतात, "आंबट आधी टाकला का म्हावऱ्याचा जीव आकसतो."

त्याउलट मुंबईतल्या बऱ्याच नावाजलेल्या हॉटेलांत तिसऱ्या आधीच उकडून, पाणी ओतून देऊन, मांस फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. ऑर्डर आली की गरम मसाल्याच्या लाल रश्श्यात परतून देतात. चव लागते ती मसाल्याची. ते ओतून दिलेलं पाणी म्हणजेच जेवण होतं, हे मला दर वेळी जिवाला लागतं.

सुकं हा इथला दुसरा पदार्थ, शिंपल्यांसकट. तांदळाच्या भाकरीबरोबर घ्या, भाताबरोबर नको. भाकरी पातळ, पापुद्रा सुटलेली, पण एकदा गर्दी झाली की भाकऱ्या आधी करून ठेवतात आणि मग त्या चिवट लागतात. ओले बोंबील चांगले, रव्याचा थर मला जाड वाटला. जवळ्याची चटणी जरूर मागा. मांदेली ठीक. सोलकढीत लसूण फार, तिने मागची सगळी चव पुसली जाते. मी ती घेत नाही, जेवण झाल्यावर परत तेच तिसऱ्यांचं पाणी अर्धी वाटी मागते आणि मावशी देतात. तिसऱ्यांची थाळी साडेतीनशे रुपयांना, पहिल्या टोपासकट. हात धुवायला मागच्या अंगणात जावं लागतं आणि पायरी ओली असते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

माल कुठून येतो हे मी खोदून विचारलं, कारण शिंपल्यांच्या बाबतीत हा प्रश्न सोडून चालत नाही. जो प्राणी तासाला लिटरने पाणी गाळतो तो प्लवकांबरोबर सांडपाण्यातले जिवाणू आणि जड धातूही गोळा करतो. नीट शिजवल्याने जिवाणू मरतात, धातू जात नाहीत. काही विषारी प्लवकांचं विष तर उकळूनही जात नाही. वेसाव्याच्या खाडीतल्या तिसऱ्या मावशी घेत नाहीत. रायगडातल्या खाड्यांवरून ओळखीच्या बायका पहाटे आणतात, त्याच घेतात. आल्यावर त्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात बराच वेळ ठेवतात, म्हणजे वाळू सुटते. तोंड मिटत नाही ती तिसरी आधीच काढून टाकतात, आणि शिजल्यावर उघडली नाही तीही ताटात येत नाही. दाताखाली वाळू मला इथे कधी लागली नाही. भरपूर पाऊस झाल्यावर काही दिवस त्या तिसऱ्या करतच नाहीत. विचारायला गेलेल्या माणसाला बोंबील खाऊन जा म्हणतात. धंद्याच्या दृष्टीने हे तोट्याचं आहे आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

एक गोष्ट मला मनापासून लिहायची आहे. या शहरात "वास येतो" म्हणून मासे खाणाऱ्यांना घरं नाकारली जातात, मासळी घेऊन लोकलमध्ये चढलेल्या बाईकडे बघून लोक नाकाला रुमाल लावतात, कोळीवाड्याजवळ उंच इमारती झाल्या की सुकत घातलेल्या बोंबलांबद्दल तक्रारी सुरू होतात. वेसाव्याच्या खाडीवरून ओहोटीला जो उग्र, कुजक्या अंड्यांसारखा भपका येतो तो हायड्रोजन सल्फाइड आहे. शहराने खाडीत सोडलेलं मैलापाणी चिखलात कुजतं, तळाशी प्राणवायू उरत नाही, मग जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून तो बनवतात. तो वास कोळ्यांचा नाही, तो आपल्या सगळ्यांच्या संडासांचा आहे. सुकणाऱ्या मासळीचा वास अमाइनांचा आहे आणि तो एका अन्नाच्या टिकवणीचा भाग आहे. आणि खुद्द समुद्राचा, प्लवकांचा जो वास आहे तो उघड्या हवेत इतका विरळ असतो की आपल्या नाकाला बहुतेक वेळा लागतही नाही. अंटार्क्टिकाजवळच्या पेट्रेल या समुद्रपक्ष्यांना लागतो. त्या वासामागे जाऊन ते अन्न शोधतात हे संशोधक गॅब्रिएल नेव्हिट यांनी 1995 मध्ये दाखवून दिलं. मुंबईत राहून आयुष्यभर ज्याच्या शेजारी राहिलो तो समुद्र नाकाने ओळखायचा असेल तर त्यासाठी मला ठाऊक असलेली सगळ्यात सोपी जागा म्हणजे हा टोप.

एकदा मी माझ्या जुन्या सहकाऱ्याला इथे नेलं. त्यांनीही गंधकाचे वायू मोजायच्या त्याच यंत्रावर अनेक वर्षं काम केलेलं. झाकण निघालं, त्यांनी वाटी हातात घेतली, वास घेतला आणि मावशींना विचारलं की आज तिसऱ्या वेगळ्या जागच्या आहेत का. मावशी म्हणाल्या, "हो, नेहमीची बाय आली नाय, दुसरीकडची आणली." आकडा आमच्याकडे नव्हता, पण फरक दोघांनाही जाणवला होता. शिंपल्याचं खाणं बदललं की त्याच्या मांसातला डीएमएसपी बदलतो आणि वाटीतला वासही. म्हणून इथली तिसरी दर वेळी तशीच लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. पाऊस सरल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मला वास सगळ्यात चांगला मिळाला आहे.

पार्सल घेऊ नका. ते देतात, नाही म्हणत नाहीत, पण 37 अंशांना उकळणारा वायू प्लास्टिकच्या डब्यातून अंधेरीच्या रहदारीत अर्धा-पाऊण तास टिकणार नाही. घरी पोचेल ते नुसतं चांगलं कालवण. तिथेच बसा, पहिल्या वाढपाला या, साडेबाराला पोचलात तर जागा मिळते. रविवार टाळा. चौघांहून जास्त असाल तर आदल्या दिवशी जाऊन सांगून या, कारण तिसऱ्या त्या मोजूनच मागवतात. कालवं थंडीत कधीतरी असतात, ती न विचारता ताटात येत नाहीत, मावशींनाच विचारावं लागतं. पैसे रोख द्यायचे, सुट्टे असले तर बरं.